लघुपटाच्या चमूत एका माणसाने किती जबाबदाऱ्या घ्याव्यात?

पाणंद (पुणे)

स्वतंत्रपणे लघुपट करणाऱ्या मंडळींच्या श्रेयनामावल्या सलग पाहिल्या, तर तीच तीच नावे वेगवेगळ्या जागी फिरताना दिसतात. आज जो दिग्दर्शक आहे, तो गेल्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या लघुपटात बूम (लांब काठीला बांधलेला माइक) धरून उभा होता, त्याआधी कुणाचा तरी पहिला सहाय्यक दिग्दर्शक होता आणि मधल्या काळात त्याने एखाद्या मित्राचे संकलन करून दिलेले असते. मीही गेली काही वर्षे याच पद्धतीने काम करतो आहे. क्लॅप देणे (शॉटच्या सुरुवातीला पाटीची टाळी वाजवणे), कंटिन्युइटी लिहिणे (शॉटमागून शॉट कपडे, वस्तू, हालचाली जुळाव्यात म्हणून नोंदी ठेवणे), ध्वनिमुद्रण, कार्डातला डेटा उतरवून घेणे, कॉल शीट (कोणी कधी, कुठे यायचे याचा दिवसाचा तक्ता), संकलन अशी बहुतेक कामे मी इतरांच्या लघुपटांसाठी केली आहेत आणि अधूनमधून स्वतःचे लघुपट लिहून दिग्दर्शित केले आहेत. या फिरत्या कामाने जे शिकवले, ते कोणत्याही कार्यशाळेत मिळाले नसते असे माझे ठाम मत आहे. कंटिन्युइटीची वही सांभाळलेला दिग्दर्शक शॉट लावतानाच संकलनाचा विचार करू लागतो, आणि दिवसभर बूम धरून ज्याचे दंड भरून आले आहेत, तो दिग्दर्शक झाल्यावर नटाला विनाकारण खोलीभर फिरवत नाही.

परंतु यातूनच एक समजूत रूढ होत चालली आहे आणि तिच्याविषयी सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतो आहे. वेगवेगळ्या लघुपटांत वेगवेगळी कामे करणे आणि एकाच लघुपटात ती सगळी कामे स्वतःकडे ठेवणे या अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीने माणूस तयार होतो. दुसरीने पैसे वाचतात, पण चित्रीकरणाच्या दिवशी कोणत्याही एका कामाकडे पुरते लक्ष राहत नाही आणि त्याची किंमत संकलनाच्या वेळी मोजावी लागते.

माझी कसोटी अशी आहे की, ज्या दोन कामांना एकाच क्षणी लक्ष द्यावे लागते, ती दोन कामे एका माणसाकडे असू नयेत. लेखन चित्रीकरणाच्या आधी होते आणि संकलन नंतर, त्यामुळे लेखक-दिग्दर्शक-संकलक अशी तिहेरी जबाबदारी एकाने घेतली तर निदान वेळेची ओढाताण होत नाही. परवानग्या, रेकी (जागेची आगाऊ पाहणी), प्रवासाची व्यवस्था हे सगळे आधी उरकता येते. याउलट ‘रोलिंग’ म्हटल्यापासून ‘कट’ म्हणेपर्यंतच्या त्या मिनिटभरात दिग्दर्शकाने नटाकडे पाहायचे असते, छायालेखकाने चौकटीकडे, ध्वनिमुद्रकाने आवाजाकडे लक्ष द्यायचे असते आणि कंटिन्युइटी पाहणाऱ्याने हात, पदर, पेला, घड्याळ यांच्याकडे. ही चार लक्षे एका डोक्यात मावत नाहीत, मग ते डोके कितीही हुशार असो.

कंटिन्युइटीचे एकच उदाहरण देतो. लग्नघरातला प्रसंग आहे आणि नायिकेच्या केसांत गजरा आहे. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. उजेड आणि जागा पाहून क्रम लावला जातो. त्यामुळे प्रसंगाचा शेवट सकाळी नऊला चित्रित होतो आणि सुरुवात संध्याकाळी पाचला. सकाळी टवटवीत असलेला गजरा पाचला पिवळा पडलेला असतो. प्रसंग जोडून पाहिला की गजरा आधी कोमेजलेला दिसतो आणि मग फुलतो. ज्याच्याकडे केवळ हेच काम असते, तो माणूस आदल्या संध्याकाळीच एकाच विक्रेत्याकडून सारख्या लांबीचे काही गजरे आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो आणि प्रत्येक शॉटआधी गजऱ्याचे टोक कोणत्या खांद्यावर होते ते छायाचित्र काढून ठेवतो. दिग्दर्शकच हे पाहील असे ठरवले, तर पहिल्या दोन शॉटपर्यंत तो पाहतो आणि नंतर अभिनयात गुंतला की विसरतो. यात त्याचा दोष नाही, कारण अभिनयात गुंतणे हेच त्याचे काम आहे.

आपल्याकडच्या इतिहासातही याचा दाखला आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून वाटाण्याचे रोप वाढत जाताना दाखवणारी छोटी चित्रफीत केली. कुंडीसमोर कॅमेरा ठेवून थोडे थोडे चित्रण करीत जाण्याचे ते काम एकट्याच्या हातचे होते आणि त्यांनी ते घरीच केले. मात्र ‘राजा हरिश्चंद्र’ करायला घेतला, तेव्हा पटकथा, दिग्दर्शन, निर्मिती आणि प्रयोगशाळेतली प्रक्रिया यांची सूत्रे स्वतःकडे असूनही चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांच्याकडे होता आणि कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे कष्टाचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केले. सगळी कामे स्वतःला येत असतानाही त्यांनी ती वाटून दिली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आपापले अनुभव आणि मतभेद दोन्ही जरूर लिहावेत.


कृष्णाकाठ (सांगली)

धागा अगदी वेळेवर आला. मी एकांकिकांमधून लघुपटांकडे आलो आणि माझ्यासारखे अनेक जण याच वाटेने आलेले आहेत. पुरुषोत्तम करंडकाच्या तयारीत महाविद्यालयाचा संघ स्वतःच नेपथ्य रंगवतो, कपडे जमवतो, संगीत शोधतो आणि टेम्पोत सामानही स्वतःच चढवतो. तीच सवय घेऊन आम्ही लघुपट करायला लागतो आणि सगळे जण सगळे करतील असे गृहीत धरतो.

तुमची कसोटी वाचल्यावर मात्र असे लक्षात आले की एकांकिकेतही प्रयोगाच्या वेळी आम्ही तो नियम पाळतच होतो. दुपारी फळ्या ठोकणारा मुलगा रात्री प्रकाशयोजना करायला बसला, की त्या तासाभरात तो दुसरे काहीही करीत नसे. संगीताच्या जागा सांभाळणाऱ्याला कुणी विंगेत बोलवत नसे. लघुपटाच्या चित्रीकरणाचा दिवस म्हणजे तयारीचा दिवस असे आम्हांला वाटत राहते आणि तिथे गफलत होते. वास्तविक प्रत्येक टेक हा प्रयोग असतो.

आता अडचण मांडतो. तालुक्याच्या गावी ध्वनिमुद्रण येणारा माणूस मिळत नाही. पुण्या-मुंबईहून बोलवायचा, तर त्याचे मानधन, प्रवास आणि राहणे यांतच अर्धा निधी संपतो. अशा वेळी दिग्दर्शकाने कॅमेऱ्यावर माइक बसवून काम भागवले, तर त्याला नावे ठेवणे कितपत योग्य आहे?


नाद (ठाणे)

कृष्णाकाठ, नावे कुणीच ठेवू नयेत. परंतु कॅमेऱ्यावरच्या माइकने काम भागत नाही हेही स्पष्ट सांगायला हवे. मी ध्वनीचेच काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

माइक आणि तोंड यांच्यातले अंतर ही ध्वनिमुद्रणातली सर्वांत महत्त्वाची बाब आहे. कॅमेरा सहा-आठ फुटांवर असेल, तर त्याच्यावरचा माइकही सहा-आठ फुटांवरच राहतो आणि संवादाबरोबर भिंतींवरून परतणारा आवाज, पंखा, रस्ता हे सगळे तितक्याच जोरात मुद्रित होते. तोच माइक काठीला बांधून नटाच्या डोक्यावर, चौकटीच्या कडेबाहेर धरला, की सामान्य यंत्रातूनही संवाद स्वच्छ मिळतो. म्हणजे चांगल्या ध्वनीसाठी महागड्या यंत्राआधी एक मोकळा माणूस लागतो, ज्याच्या दोन्ही हातांत काठी आहे आणि कानांवर हेडफोन आहे.

या माणसाने काय करायचे असते ते पाहा. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर डोळे मिटून ऐकायचे. फ्रिज घरघरतो आहे, तो बंद करायचा आणि ज्याची गाडी आहे त्याच्या किल्ल्या त्याच फ्रिजमध्ये ठेवायच्या, म्हणजे पॅक-अपनंतर फ्रिज पुन्हा सुरू केल्याशिवाय कुणी निघू शकत नाही. पंखा बंद. शेजारच्या काकूंना कुकर कधी लावणार ते आधीच विचारून ठेवायचे. नटाच्या कपड्यांत लेपल (छोटा माइक) लावायचा असेल, तर कडक इस्त्रीची सुती साडी किंवा सिंथेटिक सदरा घासून आवाज करतो का ते वेशभूषेच्या वेळीच तपासायचे. शॉट झाल्यावर सर्वांना स्तब्ध उभे करून त्या खोलीची रिकामी शांतता निदान अर्धा मिनिट मुद्रित करायची, कारण संकलनात दोन संवादांमधले सांधे त्याच रूम टोनने बुजवावे लागतात. दिग्दर्शकाला ही शांतता मुद्रित करणे हा वेळेचा अपव्यय वाटतो. म्हणूनच ती मागणारा माणूस दिग्दर्शकाहून वेगळा असावा लागतो.

हल्ली ३२ बिट फ्लोटचे छोटे रेकॉर्डर मिळतात आणि त्यामुळे ध्वनिमुद्रकाची गरजच उरली नाही असे काही जण सांगतात. त्या सोयीने पातळी चुकल्यामुळे फाटलेला आवाज बहुधा सावरता येतो, हे खरे आहे. पण दूर राहिलेला माइक जवळ येत नाही, कपड्यांची घासाघीस निघत नाही आणि संवादाच्या मध्यावर भुंकलेले कुत्रे वेगळे काढता येत नाही. ‘टेक चांगला होता, पण ध्वनीसाठी आणखी एक द्या’ असे त्या क्षणी म्हणायला माणूसच लागतो.

गावात माणूस मिळत नसेल तर माझी सूचना अशी आहे की, संघातल्याच एकाला महिनाभर आधी ठरवावे, त्याच्या हाती रेकॉर्डर द्यावा आणि सगळ्या तालमी त्याला मुद्रित करायला लावाव्यात. चित्रीकरणाच्या दिवशी त्याला दुसरे काहीही सांगू नये, चहा आणायलाही पाठवू नये.


माळरान (नगर)

धागाकर्त्यांशी मी अंशतः असहमत आहे. रिमा दास यांचे ‘व्हिलेज रॉकस्टार्स’चे काम पाहा. लेखन, दिग्दर्शन, निर्मिती, छायालेखन आणि संकलन ही सगळी कामे त्यांनी स्वतः केली. आसाममधल्या छयगाव या आपल्याच गावात, गावातल्या मुलांना घेऊन त्यांनी तो चित्रपट केला आणि ६५व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सन्मान मिळाला, शिवाय संकलनासाठीही त्यांनाच पुरस्कार मिळाला. समोर वीस माणसांचा चमू उभा असता, तर त्या मुलांच्या वागण्यातला मोकळेपणा टिकला असता का? गावातली लहान मुले, वृद्ध माणसे, अभिनय न शिकलेली माणसे यांच्यासमोर चमू जितका लहान तितके चांगले, असा माझा अनुभव आहे. आमच्याकडच्या एका धनगर वाड्यावर मी एकटाच कॅमेरा घेऊन अनेकदा गेलो आहे. बरोबर आणखी दोघे असते तर तिथल्या आजींनी तोंडही उघडले नसते.

मेक्सिकोत रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी १९९२ सालचा ‘एल मारियाची’ सुमारे ७,००० डॉलरांत जवळजवळ एकहाती केला, हे उदाहरणही आहेच. त्यामुळे नियम करून टाकू नये, एवढेच म्हणणे आहे.


पाणंद (पुणे)

माळरान, तुमची दोन्ही उदाहरणे मला अतिशय प्रिय आहेत आणि दोन्ही माझ्या कसोटीच्या बाजूने बोलतात असे मला वाटते.

‘व्हिलेज रॉकस्टार्स’ला त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट स्थळ-ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आणि तो मल्लिका दास यांना मिळाला. इतकी कामे स्वतः करणाऱ्या दिग्दर्शिकेनेही टेकच्या वेळचे ऐकण्याचे काम दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवले होते. चमू दोन-तीन जणांचा असला तरी हरकत नाही. पण त्या दोघांतला दुसरा माणूस कानांसाठी असावा, हे त्यातून दिसते.

रॉड्रिगेझ यांच्याकडे माणूसच नव्हता, म्हणून त्यांनी वेळ विभागली. त्यांचा १६ मिमीचा कॅमेरा आवाज करणारा होता आणि त्याच्याशी ध्वनिमुद्रण जोडलेले नव्हते. त्यामुळे ते आधी दृश्य चित्रित करीत आणि मग कॅमेरा थांबवून त्याच नटांकडून तेच संवाद म्हणवून घेऊन वेगळे मुद्रित करीत. लक्षाची दोन कामे त्यांनी एका क्षणात कोंबली नाहीत. एकट्याने काम करणे अपरिहार्य असेल, तर हा मार्ग आजही खुला आहे: संवाद शॉटनंतर लगेच, त्याच जागी, जवळून मुद्रित करून घ्यावेत. ओठांशी तंतोतंत जुळणार नाहीत, पण पाठमोऱ्या आणि दूरच्या शॉटमध्ये ते चांगले बसतात.

धनगर वाड्याबद्दल तुम्ही लिहिले ते मात्र पूर्ण मान्य आहे. माहितीपटाची गरज वेगळी असते आणि तिथे विश्वास ही पहिली अट असते. हा धागा मी संहितेवर आधारित लघुपटांपुरता धरला होता, ते आधी स्पष्ट लिहायला हवे होते.


तिसरी खिडकी (मुंबई)

मी छायालेखन करतो. दिग्दर्शकाने कॅमेरा चालवण्याविषयी थोडे लिहितो, कारण लघुपटांत सर्वाधिक वेळा एकत्र येणारी हीच दोन कामे आहेत.

सत्यजित राय यांनी १९६४च्या ‘चारुलता’पासून कॅमेरा स्वतः हाताळायला सुरुवात केली, असे उदाहरण नेहमी दिले जाते. ते खरे आहे. पण त्याच चित्रपटाचे छायालेखक सुब्रत मित्र होते. म्हणजे प्रकाश, उघडीप (एक्स्पोजर), भिंगाची निवड हा सगळा विचार करणारा दुसरा समर्थ माणूस शेजारी होता आणि राय यांच्या हातात फक्त चौकट होती. नटाकडे भिंगातून पाहणे हे दिग्दर्शनाचेच काम असू शकते, त्यामुळे ही जोडी जुळते. आपल्या लघुपटांत दिग्दर्शक कॅमेरा हाती घेतो, तेव्हा फोकस, उघडीप, बॅटरी, कार्ड आणि दिव्यांचे स्टँड हे सगळेच त्याच्याकडे येते.

एक साधे तांत्रिक उदाहरण देतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणजे घरातली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. सेकंदाला २४ चौकटी आणि १८० अंशांचे, म्हणजे प्रत्येक चौकटीचा निम्मा वेळ उघडे राहणारे, शटर ठेवले, तर प्रत्येक चौकट १/४८ सेकंद उघडी राहते आणि हे गणित विजेच्या स्पंदनाशी जुळत नाही. परिणामी भिंतीवर मंद लखलख दिसते. शटर १/५० केले की ती जाते. हे कळायला विशेष विद्वत्ता लागत नाही, पण कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ती लखलख चटकन दिसत नाही आणि नटाच्या डोळ्यांतले पाणी पाहत असलेल्या माणसाला तर नाहीच. ती शोधायला मोकळी नजर लागते.

म्हणून माझे मत असे की, दिग्दर्शकाने चौकट हाती घ्यावी, पण प्रकाश आणि यंत्र यांची जबाबदारी दुसऱ्याकडे ठेवावी. मोबाइलवर चित्रीकरण करतानाही हे लागू आहे. फोनमधली आपोआप उघडीप बदलणारी सोय बंद करणे, फोकस कुलूपबंद करणे, जागा उरली आहे का ते पाहणे, ही कामे कुणीतरी करावीच लागतात.


रानजाई (कोल्हापूर)

आतापर्यंतची चर्चा दिग्दर्शकाच्या बाजूने झाली. इतरांच्या लघुपटांत अनेक कामे करणाऱ्यांच्या बाजूने मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत.

पहिली गोष्ट श्रेयाची. एका लघुपटासाठी मी घर शोधले, घरमालकांची परवानगी काढली, कॉल शीट केली, दोन्ही पात्रांचे कपडे जमवले आणि चित्रीकरणाचे सर्व दिवस कंटिन्युइटी लिहिली. पूर्ण झालेला लघुपट पाहिला, तेव्हा माझे नाव ‘विशेष आभार’ या यादीत, ज्यांनी आम्हांला खुर्च्या दिल्या त्या मंडळाच्या खाली होते. दिग्दर्शकांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला ठाऊक आहे. ‘तू तर सगळेच केलेस, मग नक्की काय लिहायचे?’ असे त्यांनी मला विचारले. माझे उत्तर तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे की, जे केले ते लिहावे. आभार हे ज्यांनी मदत केली त्यांचे मानायचे असतात. ज्यांनी काम केले त्यांना श्रेय द्यायचे असते. स्वतंत्र काम करणाऱ्या माणसाकडे नेमणूकपत्र नसते, पगाराची पावती नसते. त्याची श्रेयनामावली हाच त्याचा कामाचा दाखला असतो आणि पुढचे काम त्याच दाखल्यावर मिळते.

दुसरी गोष्ट अशी की, चमूत मुलगी असली की कंटिन्युइटी, वेशभूषा आणि जेवणाची व्यवस्था ही तिन्ही कामे न विचारता तिच्याकडे जातात. ही कामे कमी प्रतीची आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. पण धागाकर्त्यांची कसोटी लावून पाहा: शॉट सुरू असताना दारात डबेवाला येतो, पुढच्या पात्राच्या साडीच्या निऱ्या करायच्या असतात आणि चालू टेकमध्ये पेला कोणत्या हातात आहे ते टिपायचे असते, हे सगळे एकाच क्षणी घडते. यातले काय राहून जाईल ते सांगायला नको. ज्यांना फिरती कामे करून शिकायचे आहे, त्या मुलींना कॅमेरा आणि ध्वनी या विभागांतही फिरू द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.


कापाकापी (नाशिक)

रानजाई ताईंनी लिहिले ते अक्षरशः खरे आहे. श्रेयनामावलीची यादी चित्रीकरणाच्या आधीच, कॉल शीटबरोबर लिहून सर्वांना पाठवावी, म्हणजे पुढे वाद उरत नाही. लांबीची सबब कुणी सांगू नये. ऑस्करच्या लघुपट विभागात श्रेयनामावली धरून ४० मिनिटांची मर्यादा आहे आणि आपले लघुपट बहुधा त्याच्या अर्ध्यातही संपतात. सात नावांना लागणारी काही सेकंदे सहज निघतात.

मी संकलन करतो, म्हणून दिग्दर्शकाने स्वतः संकलन करण्याविषयी एक मत नोंदवतो. वेळेच्या दृष्टीने ती दोन कामे एकमेकांच्या आड येत नाहीत, हे मान्य. पण आठवणीच्या दृष्टीने येतात. ज्या शॉटसाठी पहाटे चारला उठून घाट चढला, तो शॉट कापताना दिग्दर्शकाचा हात थरथरतो. प्रेक्षकाला ती चढण दिसत नाही. शक्य असेल तर पहिली जुळणी दुसऱ्याकडून करून घ्यावी आणि मग हवे तर स्वतः बसावे. तेही शक्य नसेल, तर चित्रीकरण आणि संकलन यांच्यात काही आठवड्यांचे अंतर ठेवावे.

डेटाविषयीही लिहितो, कारण ते काम सर्वांत शेवटी आठवते. कार्डातले चित्रण दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून, दोन्हीकडे उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही. हे काम छायालेखकाकडे दिले, तर पुढच्या शॉटची घाई असलेला माणूसच कार्ड पुसण्याचा निर्णय घेणार. ते अशा माणसाकडे द्यावे ज्याला घाई नाही. भरलेल्या कार्डावर लाल पट्टी, मोकळ्यावर हिरवी, आणि प्रत्येक कार्डाची नोंद वहीत.

क्लॅपविषयीही तेच. दृश्य, शॉट आणि टेक यांचे आकडे स्पष्ट बोलून, पाटी चौकटीत पूर्ण आल्यावरच टाळी द्यावी. पाटीशिवाय आलेल्या शंभर फाइली आणि वेगळ्या रेकॉर्डरमधल्या शंभर ध्वनिफिती जुळवण्यात संकलकाचे दिवस जातात. क्लॅप देणे हे नवख्याचे काम मानले जाते. मला ते फार जबाबदारीचे वाटते.


वाशिष्ठी (चिपळूण)

सर्वांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले आहेत. मी पहिलाच लघुपट करते आहे. आजी आणि नात यांची गोष्ट आहे, संपूर्ण लघुपट आमच्या कौलारू घरात घडतो, चित्रीकरण जुलैमध्ये दोन दिवसांत करायचे आहे आणि माझ्यासह आम्ही पाच जण आहोत. आजीची भूमिका माझ्या खऱ्या आजीच करणार आहेत. त्यांनी कधी अभिनय केलेला नाही. पाच जणांत कामे कशी वाटावीत, याचे मार्गदर्शन कराल का? शिवाय पाऊस जवळजवळ अखंड असेल.


पाणंद (पुणे)

वाशिष्ठी ताई, मी अशी वाटणी करीन.

तुम्ही लेखन आणि दिग्दर्शन, नंतर हवे तर संकलन. चित्रीकरणाच्या त्या दोन दिवसांत तुमच्याकडे आजींशिवाय दुसरे काहीही नको. परवानग्या, जेवणाची सोय, विजेची व्यवस्था हे सगळे आदल्या दिवशी संपवून टाका आणि स्वयंपाकाचा भार घरच्यांवर न टाकता बाहेरून डबे सांगा, कारण घरातली चूल पेटली की आजी उठून स्वयंपाकघराकडे जाणार.

दुसरा माणूस कॅमेरा आणि प्रकाश पाहील. कौलारू घरात पावसाळ्यात उजेड कमी असतो आणि तो ढगांप्रमाणे बदलत राहतो, तेव्हा एकाच खिडकीजवळचे सगळे शॉट सलग घ्यावेत. तिसरा माणूस फक्त ध्वनी पाहील. चौथा माणूस पहिल्या सहाय्यक दिग्दर्शकाचे काम, क्लॅप आणि कंटिन्युइटी सांभाळेल. सहाय्यक दिग्दर्शकाचे काम मुख्यतः दोन शॉटच्या मध्ये असते आणि कंटिन्युइटीचे निरीक्षण शॉट चालू असताना, त्यामुळे दोनच पात्रे असतील तर हे एकाला झेपते. पात्रे वाढली तर झेपणार नाही. मात्र हा माणूस तुमच्यापेक्षा वेगळाच हवा, कारण ‘आता थांबा, आजी दमल्या आहेत, दोनच शॉट शिल्लक ठेवू’ असे तुम्हांला तोंडावर सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे आणि माणूस स्वतःला असे कधीच सांगत नाही. पाचव्याकडे कला, वेशभूषा आणि डेटा. तिन्ही कामे शॉटच्या आधी किंवा नंतरची आहेत.

आजींना संवाद पाठ करायला लावू नका. प्रसंग सांगा, आणि त्यांच्या शब्दांत बोलू द्या. प्रत्येक टेकमध्ये शब्द बदलतील, म्हणून नातीचे संवाद तेवढे पक्के ठेवा आणि कंटिन्युइटीच्या वहीत आजींनी काय म्हटले ते शब्दशः लिहून घ्या.


नाद (ठाणे)

पावसाविषयी. कौलांवरचा पाऊस सुसह्य असतो, पण पडवीवर पत्रा असेल तर त्याखाली संवाद घेऊ नका. जमल्यास पत्र्यावर जुनी गोणपाटे किंवा पेंढा पसरून घ्या. थेंबाचा टणत्कार बराच कमी होतो. संवादाचे शॉट सरींच्या मधल्या उघडिपीत घ्या आणि नुसत्या हालचालींचे शॉट भर पावसात. पावसाचा सलग आवाज घराच्या आतून, अंगणातून आणि पागोळ्यांजवळून असा तीन ठिकाणी प्रत्येकी पाच मिनिटे वेगळा मुद्रित करून ठेवा. एका प्रसंगात पाऊस असेल, तर तो शेवटी मिश्रणाच्या वेळी या मुद्रणातून सर्व शॉटवर सारखा पसरवता येतो. उलट संवादातच पाऊस भिनला, तर तो कमी-जास्त करता येत नाही. कोरडे कापड आणि माइकसाठी पिशवी जवळ ठेवा, आणि दमट हवेत रात्री यंत्रे बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.


वाशिष्ठी (चिपळूण)

पाणंद आणि नाद, दोघांचेही मनापासून आभार. पडवीवर पत्राच आहे, त्यामुळे तिथला एक मोठा प्रसंग माजघरात हलवते आहे. श्रेयनामावलीचा मसुदा उद्याच चौघांना पाठवते. अडचण एवढीच उरली आहे की, कॅमेरा, कला आणि सहाय्यक दिग्दर्शन यांसाठी माणसे पक्की आहेत, पण ध्वनीसाठी ठरवलेल्या मुलाची परीक्षा त्याच आठवड्यात निघाली आहे. चिपळूण, गुहागर किंवा खेड परिसरात कुणी असेल, रेकॉर्डर नसला तरी चालेल पण जूनमध्ये तालमींना येऊ शकेल, तर कृपया मला निरोप पाठवावा. प्रवासखर्च, मानधन आणि ‘ध्वनिमुद्रण’ असे स्वतंत्र श्रेय निश्चित दिले जाईल.